मुंबई ते गोवा : शिडाच्या होडीने जाताना रात्रीचा नांगर कुठे टाकावा?

शीडवाट

येत्या माघात आम्ही तिघे मित्र नऊ मीटर लांबीच्या शिडाच्या होडीतून मुंबईहून गोव्याला जाणार आहोत. होडीचा तळ पाण्यात १.६ मीटर खोल जातो. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे आहे, आणि रोज संध्याकाळी कुठेतरी नांगर टाकून झोपायचे असे ठरवले आहे. मागच्या दोन फेऱ्यांत मी जे शिकलो ते आधी मांडतो आणि मग माझ्या शंका विचारतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणि या पाण्यात वावरलेल्यांनी चुका दाखवाव्यात, ही मनापासून विनंती आहे.

पहिल्या फेरीत मी नकाशा उघडून खोली आणि तळ पाहत असे. तीन-चार मीटर पाणी आणि खाली चिखल किंवा वाळू दिसली की तिथे खूण करत असे. रत्नागिरीला याच पद्धतीने मी मिऱ्याचा उपसागर निवडला. सकाळी दहाला पोहोचलो तेव्हा पाणी आरशासारखे स्थिर होते. जेवण करून आम्ही झोपलो आणि साडेतीनच्या सुमारास साखळीच्या आवाजाने जाग आली. वायव्येचा खारा वारा भरात आला होता, लाटा थेट आत शिरत होत्या आणि होडीची पिछाडी किनाऱ्यावरच्या दगडी बंधाऱ्याकडे होती. मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जाऊन साखळीवर तळहात ठेवला. नांगर घट्ट धरलेला असेल तर साखळी ताणली जाते आणि सैल होते, पण हाताला शांत लागते. माझ्या हाताला सतत बारीक खरखर जाणवत होती, म्हणजेच नांगर तळावरून ओढला जात होता. इंजिन चालू करून, नांगर उचलून, रत्नदुर्गाच्या डोंगराला वळसा घालून आम्ही दक्षिणेच्या बाजूला आलो, तेव्हा तिथे तोच वारा वाहत असूनही पाण्यावर फक्त सुरकुत्या होत्या. दोन्ही जागांची खोली जवळपास सारखी होती आणि तळही सारखाच. मधे फक्त एक डोंगर होता.

तेव्हापासून मी जागा शोधताना खोलीच्या आधी वारा विचारात घेतो. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्या किनाऱ्यावर दिवसाचे चक्र बहुतेक ठरलेले असते. उत्तररात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत जमिनीकडून मतलई वारा असतो, मग काही काळ वारा पडतो, आणि दुपारपासून सूर्यास्तापर्यंत वायव्येचा खारा वारा चालतो. त्यामुळे या मोसमात जो डोंगर किंवा टेकडी समुद्रात पश्चिमेकडे शिरलेली आहे, तिच्या दक्षिणेच्या कुशीत जागा शोधायची, असा माझा ठोकताळा आहे. नैर्ऋत्येचा वारा किंवा वादळाचे चिन्ह असेल तर हे सगळे उलटे होते.

आता शंका. एक म्हणजे खाड्यांच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यांवरून (पाण्याखालच्या उंचवट्यांवरून) आत कधी शिरावे? दुसरी म्हणजे हर्णै, जयगड, विजयदुर्ग आणि मालवण यांपैकी रात्रीसाठी कोणत्या जागा खरोखर विसाव्याच्या आहेत?

खाडीकाठ

शीडवाट, तुम्ही वाऱ्याचे जे लिहिले आहे ते बरोबर आहे, पण ते निम्मेच आहे. संध्याकाळी तुम्ही वायव्येच्या वाऱ्यात नांगर टाकता, तेव्हा होडीचे तोंड वायव्येला असते आणि सगळे छान दिसते. पहाटे दोन-तीनला मतलई सुटला की होडी नांगराभोवती फिरते आणि तिची पिछाडी समुद्राकडे येते. म्हणून नांगर टाकण्याआधी त्या जागेभोवती एक पूर्ण फेरी मारून सगळीकडची खोली पाहावी. सोडलेली साखळी आणि होडीची लांबी एवढी त्रिज्या धरून जे वर्तुळ होते, त्यात कुठेही खडप (पाण्याखालचा खडक), जाळ्याचा खुंट किंवा दुसरी नांगरलेली होडी येता कामा नये.

दुसरे असे की, वारा जमिनीवरून येत असला तरी समुद्राची लांब लाट वायव्येकडूनच येत राहते आणि टेकडीला वळसा घालून आत शिरते. होडी मग लाटेला आडवी राहते आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. हर्णैला हा त्रास मी अनेकदा पाहिला आहे. सुवर्णदुर्गाच्या आडोशाने वारा अडतो, लाट मात्र पूर्ण अडत नाही. अशा वेळी पिछाडीवरून दुसरा हलका नांगर टाकून होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवावे. हर्णैचे बंदर मासेमारीचे आहे, संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी बोटींची मोठी वर्दळ असते, आणि त्या वेळी मध्येच नांगर टाकून बसणे हे तिथल्या माणसांच्या कामात अडथळा आणण्यासारखे आहे. त्यांच्या वाटेपासून दूर राहावे आणि आधी विचारावे. तांडेलाला (मासेमारी बोटीच्या प्रमुखाला) "दादा, इथे पाणी किती वाव आहे, रात्री तुमच्या बोटी कुठून येतात?" एवढे विचारले (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी खोली) तरी नकाशात नसलेली माहिती मिळते. माझे आजोबा पडावावर, म्हणजे मालवाहू शिडाच्या होडीवर, होते. अनोळखी बंदरात शिरताना ते आधी तिथल्या होड्यांची तोंडे कुठे आहेत ते पाहत असत, कारण नांगरावरच्या होड्या त्या क्षणीचा वारा आणि प्रवाह दोन्ही दाखवतात.

भरतीओहोटी

दांड्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. नियम एकच आहे : चढत्या भरतीला, अर्धी भरती उलटल्यावर आत शिरावे आणि ओहोटीच्या ऐन जोरात दांड्यावर कधीही जाऊ नये. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते आणि वायव्येची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर आली की दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. शिवाय चढत्या पाण्यात होडी वाळूवर टेकलीच, तर थोड्या वेळाने पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढचे सहा-सात तास ती तिथेच, आणि तेही लाटांच्या माऱ्यात. बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ येथील नद्यांच्या मुखांशी पावसाळ्यानंतर वाळू सरकते. त्यामुळे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे जवळ हवेतच, तरी दांड्यावरचा मार्ग त्या वर्षीच्या मच्छीमाराला विचारूनच घ्यावा.

भरतीच्या वेळेसाठी किनाऱ्यावरची जुनी रीत आजही उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ही रीत मुंबईच्या आसपास चांगली जुळते. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी अलीकडे येत जाते. ती अंदाजासाठी वापरावी आणि मिनिटांसाठी छापील भरतीचे कोष्टक पाहावे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी आणि खाडीतला ओघही मंद. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला उलट. तुमच्यासारख्या नवख्या खाड्यांत शिरणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत असे मला वाटते, कारण उधाणाला जंजिऱ्याजवळच्या राजपुरीसारख्या खाडीत नांगरावर असलेली होडी वारा एकीकडे आणि ओघ दुसरीकडे अशा ओढाताणीत सापडते, साखळीवरून पुढे जाते आणि कधी कधी साखळी नांगराच्या फाळाभोवती गुंडाळून तो उपटते.

नवखलाशी

सगळे वाचतो आहे, फार उपयुक्त. साखळी नेमकी किती सोडावी हे कुणी उदाहरण देऊन सांगेल का? मी "खोलीच्या पाचपट" असे ऐकले आहे, पण खोली कोणत्या वेळची?

भरतीओहोटी

चांगला प्रश्न विचारलात, कारण होड्या वाहून जाण्याचे निम्मे प्रसंग इथेच घडतात. खोली नेहमी पूर्ण भरतीची धरावी, आणि ती तळापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नव्हे तर नाळेवरच्या ज्या रुळावरून साखळी बाहेर पडते तिथपर्यंत मोजावी. समजा रत्नागिरीला तुम्ही ओहोटीच्या वेळी ४ मीटर पाण्यात नांगर टाकला. भरतीला पाणी आणखी २.५ मीटर चढणार आणि तुमची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. बेरीज साडेसात मीटर. पूर्ण साखळी असेल तर तिची पाचपट म्हणजे साडेसदतीस मीटर सोडावी. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, म्हणजे बावन्न-त्रेपन्न मीटर. ओहोटीच्या ४ मीटरची पाचपट करून कुणी वीस मीटरच सोडली, तर भरतीला त्याच्याकडे तिपटीहूनही कमी उरते आणि साखळी नांगराला आडवी ओढण्याऐवजी वर उचलू लागते. नांगर आडव्या ओढीने तळात रुततो आणि वरच्या ओढीने उपटला जातो. मुंबई ते राजपुरी या पट्ट्यात उधाणाची चढउतार चार मीटरच्या पुढे जाते, तिथे ही चूक अधिक महागात पडते.

जहाजी

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लहान होडी घेतली. तळाविषयी थोडे लिहितो.

कोकणातल्या खाड्यांचा तळ बहुतेक चिखलाचा आहे आणि चिखल नांगराला चांगला धरतो, पण वरचा थर मऊ गाळाचा असेल तर टाकल्याबरोबर इंजिन उलटे चालवून ओढू नये. नांगर टाकावा, साखळी हळूहळू सोडावी, दहा-पंधरा मिनिटे त्याला स्वतःच्या वजनाने खाली बसू द्यावे आणि मग हलक्या ओढीपासून सुरुवात करून जोर वाढवावा. ओढताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, उदाहरणार्थ किल्ल्याचा बुरूज आणि त्याच्यामागचा एखादा माड. त्या खुणा एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर नांगर बसला. दुसरी जोडी पहिलीशी काटकोनात निवडावी आणि रात्री दिसेल अशी एक खूणही हेरून ठेवावी. फोनमधला नांगराचा गजर जरूर लावावा, मीही लावतो. पण मतलई सुटण्याच्या वेळेला एक माणूस उठून डोळ्यांनी पाहील असा पहारा तुम्ही तिघांत वाटून घ्या.

जुन्या खलाशांची एक पद्धत मी अजून पाळतो. शिशाच्या ओळंब्याच्या बुडाशी खळगा असतो, त्यात चरबी किंवा साबण भरून ओळंबा तळाला टेकवायचा. वर ओढल्यावर त्याला वाळू, शिंपल्यांचे तुकडे किंवा चिखल चिकटून आलेला दिसतो. काहीच चिकटले नाही आणि नुसता ठसा उमटला तर खाली खडक आहे. खोली दाखवणारे यंत्र हे इतक्या खात्रीने सांगत नाही. खडकाचा संशय असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर नांगराच्या डोक्याला एक वेगळा दोर बांधून वर तरंगता गोळा ठेवावा, म्हणजे अडकलेला नांगर उलट्या बाजूने सोडवता येतो.

आणि रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, दिवसा काळा गोळा. नियम म्हणून तर हवेच, पण पहाटे अंधारात वेगाने बाहेर पडणाऱ्या मासेमारी बोटीला तुमची होडी दुसऱ्या कशानेही दिसणार नाही.

घेरिया

विजयदुर्गाविषयी लिहितो, कारण तो माझ्या गावाजवळचा आहे आणि या धाग्यावर त्याला फार कमी जागा मिळाली आहे. वाघोटण खाडीच्या मुखाशी दक्षिणेला किल्ला आहे आणि किल्ल्याच्या पूर्वेला आत पाणी खोल आहे. इतर अनेक नद्यांप्रमाणे इथे मुखाशी दांडा नाही, त्यामुळे भरतीची वाट पाहावी लागत नाही. आंग्र्यांनी आपले आरमार इथे ठेवले आणि आत गिर्ये येथे खडक फोडून गोदी केली, ती काही उगाच नाही. तुम्ही सुवर्णदुर्ग, जंजिरा, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी रांग नकाशावर पाहिलीत, तर प्रत्येक किल्ला एखाद्या नांगराच्या जागेवर नजर ठेवून उभा असलेला दिसेल. माझ्या मते कोकणच्या किनाऱ्यावर नांगराच्या जागांची यादी तीनशे वर्षांपूर्वीच दगडात लिहिलेली आहे.

माघ-फाल्गुनात वायव्येची लाट मुखातून थोडी आत येते, म्हणून किल्ल्याच्या लगत न थांबता खाडीत आणखी आत जावे. आणि दुसऱ्या होडीला होडी बांधून रात्र काढायचा मोह टाळावा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा आंग्र्यांची गलबते किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधलेली होती. एका जहाजाने पेट घेतला आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सगळे आरमार जळाले. किल्ल्याचे तेव्हाचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या इतर दोषांविषयी इतिहासकार बोलोत, पण खाडी आत मैलोगणती मोकळी असताना ती जहाजे एकत्र बांधलेली होती, याचे मला प्रत्येक वेळी तिथे उभे राहिल्यावर वाईट वाटते.

शीडवाट

घेरिया, किल्ल्यांचे तुमचे म्हणणे मला फार पटले, पण एक शंका आहे. ते किल्ले बांधणाऱ्यांच्या गलबतांना शत्रूपासून संरक्षण हवे होते, मला लाटेपासून हवे आहे. सिंधुदुर्गाचेच पाहा. १६६४ साली काम सुरू झाले तेव्हा ती जागा निवडण्यामागे भोवतालचे खडकच तर होते. शत्रूला जे खडक अडचणीचे, तेच मलाही.

मालवणकाठ

शीडवाट, तुमची शंका रास्त आहे. मालवणला अनोळखी माणसाने स्वतःच्या भरवशावर होडी आत आणू नये, असे मी स्पष्ट सांगेन. किल्ला आणि किनारा यांच्या दरम्यान आणि बाहेरही पाण्याखालचे खडक पसरले आहेत. काही ओहोटीला उघडे पडतात, काही कधीच नाही. यायचेच असेल तर स्थानिक होडीवाल्याला पुढे घालून, चढत्या भरतीला, सूर्य पाठीशी असताना, म्हणजे दुपारनंतर आत यावे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी आत येताना ऊन डोळ्यांवर असते आणि पाण्याखालचे काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे आणि खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळावर नांगर पडला तर तो भाग तुटतोच, पण खरे नुकसान साखळी करते. होडी वाऱ्याबरोबर फिरते तशी साखळी तळावरून झाडूसारखी फिरते आणि वर्तुळातले सगळे मोडते. पाणी नितळ असलेल्या दिवशी मी बुडी मारून अशी एक जागा पाहिली आहे. मधोमध पांढरा, बोडका अर्धगोल होता आणि त्याच्या कडेला बोटभर लांबीचे मोडलेले तुकडे साठले होते. म्हणून इथे नांगर फक्त वाळूवर टाकावा, आणि वाळू डोळ्यांना दिसत नसेल तर टाकू नये. देवगडचे बंदर इथून वीसच मैल उत्तरेला आहे आणि ते जवळजवळ चारही बाजूंनी जमिनीने वेढलेले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी दूर केरळ-तमिळनाडूच्या बोटीही तिथे आश्रयाला आल्या होत्या.

खाडीकाठ

वादळाचा विषय निघालाच आहे तर एवढे जोडतो की चांगली जागा ही चांगल्या हवेपुरती चांगली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. माघात वादळाचा धोका नसतो, पण हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा) लाटांचा अंदाज रोज पाहावा; वारा नसतानाही दूरवरून मोठी लाट येत असेल तर ती तिथे आधी कळते. प्रत्येक मुक्कामी बंदर कार्यालयाला आणि सागरी पोलिसांना आपली होडी, माणसे आणि पुढचा मुक्काम कळवावा. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३, हे दोन्ही होडीत सर्वांना दिसतील असे लिहून ठेवा.

रायगडच्या पाण्यात डोल जाळ्यांचे (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) खुंट आणि दोर असतात. चारनंतर कोणत्याही नव्या जागेत शिरायचे नाही, असा नियम स्वतःसाठी करा. उशीर झालाच तर बाहेर खोल पाण्यात रात्रभर चालत राहणे अधिक सुरक्षित आहे.

शीडवाट

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून बेत नव्याने आखला आहे.

माघ शुद्ध अष्टमीला पहाटे चारला मतलईवर मुंबई सोडायची. राजपुरी खाडीपर्यंत चाळीस मैल. त्या दिवशी पूर्ण भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी तीन-चारला आम्ही चढत्या पाण्यात जंजिऱ्याच्या पूर्वेला पोहोचू, आणि भांगाचे दिवस असल्याने ओघही बेताचा असेल. नवमीला दाभोळ गाठण्याचा विचार होता, पण तो टप्पा पंचेचाळीस मैलांचा आहे आणि मुखाशी दांडा आहे. म्हणून रात्रीच निघणार, आणि तीनपर्यंत दांड्यासमोर पोहोचलो नाही तर आत न शिरता तसेच पुढे जयगडकडे रात्रभर चालत राहून उजाडल्यावर तिथल्या शास्त्री नदीच्या मुखात जाणार. रत्नागिरीला अर्थातच रत्नदुर्गाच्या दक्षिणेला. विजयदुर्गाला किल्ल्यापासून बरेच आत, एकटेच, आणि तिथे एक दिवस विश्रांती.

मालवणला चतुर्दशीच्या आसपास पोहोचलो असतो. दक्षिणेला भरती अलीकडे येते हे धरून हिशेब केला तर त्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला पूर्ण ओहोटी येते आणि अर्धी भरती होईपर्यंत अंधार पडतो. म्हणजे चढते पाणी आणि पाठीशी सूर्य या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणे शक्य नाही. म्हणून होडी देवगडच्या बंदरात नांगरावर ठेवणार, आमच्यापैकी एक जण होडीवर थांबणार आणि दोघे एसटीने मालवणला येऊन सिंधुदुर्ग पाहून परत जाणार. मालवणकाठ, त्या दिवशी तुम्ही गावात असाल तर भेटायला आवडेल. ते मोडलेल्या प्रवाळाचे वर्तुळ कुठे आहे ते किनाऱ्यावरून तरी दाखवा. देवगडहून मध्यरात्रीनंतर निघून वेंगुर्ला रॉक्स या खडकांच्या बाहेरून जात, गोव्यातल्या आग्वादपर्यंतचा पंचावन्न-साठ मैलांचा शेवटचा टप्पा एका दमात करू.